शेवटून दुसऱ्या घरचा विस्तव

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. काड्यापेटी कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती आणि मुकी जनावरं माणसांशी अधूनमधून दोन शब्द बोलत, तेव्हाची.

एका उंच डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. लोक त्याला वाऱ्याचं गाव म्हणत, कारण वारा तिथं बारा महिने मुक्कामालाच असायचा. चकमक झाडली तर ठिणगी कापसावर पडायच्या आधीच विझायची. म्हणून गावाच्या वरच्या टोकाला, देवीच्या देवळात, एक धुनी कायम जळती ठेवत. रोज तिन्हीसांजेला त्या धुनीतला विस्तव घराघरातून खाली उतरत येई.

त्याची रीत अशी होती. देवळातून पाटलीण विस्तव आणी. तिच्या खालच्या घरची बाई हातात खापर घेऊन तिच्या दारात जाई आणि विचारी, "विस्तव हाय का?" पाटलीण म्हणे, "हाय, बस." मग चुलीतला चांगलासा निखारा निवडून खापरात टाकेपर्यंत दोघी बोलत. कुणाची गाय व्याली, कुणाची सासू फुगली, कुणाचं पोर अजून रांगत नाही. ती बाई घरी जाऊन चूल पेटवी, तोवर तिच्या दारात तिच्या खालची येऊन उभी राही. नियम एकच होता. विस्तव मागून न्यायचा, कुणी कुणाला नेऊन द्यायचा नाही. असं का, हे विचारायची गरज कुणाला वाटली नव्हती. जुन्या नियमांचं असंच होतं.

ह्या गावात शेवटून दुसऱ्या घरात राही राहायची. तिचा नवरा कड्यावरून मध काढून आणायचा. माणूस बोलका. दिवसभर कड्यावर एकटा लोंबकळायचा म्हणून की काय, घरी आला की बोलतच सुटायचा. राहीशी बोलून संपलं की भिंतीवरच्या पालीशी बोलायचा, तिला नावं ठेवायचा. मूलबाळ नव्हतं, पण घर भरलेलं वाटायचं.

राहीच्या वरच्या घरात कुंभाराची मंजुळा राहायची. खालच्या घरात, म्हणजे गावाच्या अगदी शेवटच्या, धोंडाई नावाची म्हातारी. धोंडाईची जीभ अशी, की तिच्या वाटेला कुत्रंही जात नसे.

एका वर्षी धोंडाई लेकीच्या बाळंतपणाला लांबच्या गावी गेली. ती तिकडे असतानाच राहीच्या नवऱ्याला ताप आला, आणि तो त्या तापातून उठला नाही.

गावाचं मन चांगलं होतं, हे आधीच सांगून ठेवते. वाईट गावाची गोष्ट सांगायला सोपी असते. चांगल्या गावाची अवघड, कारण चूक कुठं झाली ते बोट ठेवून दाखवावं लागतं.

पाटलानं पारावर सगळ्यांना बोलावलं. राहीला काही कमी पडता कामा नये, असं ठरलं. कुणी धान्य द्यायचं, कुणी दूध, कुणी भाकरी आणि तिच्यासोबतचं कोरड्यास. पोरींनी तिचं पाणी भरून ठेवायचं. देवळाचं अंगण झाडायची तिची पाळी दुसरीनं घ्यायची. तिच्या दारावरून जाताना मोठ्यानं हसायचं नाही, पायसुद्धा हळू टाकायचा. विस्तव मागायला तिला कशाला यायला लावायचं, मंजुळेनंच तो तिच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायचा. ह्यात जुना नियम मोडत होता, पण दयेपुढं नियम कसला? सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपण चांगलं काम केलं ह्या समाधानात घरोघर गेले.

दुसऱ्या दिवसापासून राहीच्या दारात सगळं येऊ लागलं. फक्त माणूस येईनासं झालं.

पहाटे उठावं तर रांजण भरलेला. दुपारी दार उघडावं तर भाकरी झाकून ठेवलेली. संध्याकाळी उंबऱ्यावर खापर, खापरात निखारा, आणि वळणावर दिसेनाशी होणारी मंजुळेची पाठ. गल्लीतले आवाज तिच्या घरापाशी आले की बंद पडत आणि घर मागं पडलं की पुन्हा सुरू होत. आत बसून राही ते ऐकायची.

एकदा ती घागर घेऊन आपणच विहिरीवर गेली. तिला बघताच बायका गप्प झाल्या. एकीनं धावत येऊन तिच्या हातातली घागर घेतली, म्हणाली, "तू कशापायी आलीस? आमी हाय न्हवं." घागर भरून एका पोरीच्या डोक्यावर दिली आणि राहीला तिच्याबरोबर घरी धाडलं. राहीला तिथं पाणी नको होतं, नुसतं उभं राहायचं होतं. पण हे कसं सांगावं ते तिला कळेना. दुसऱ्यांदा ती देवळात गेली, तर हातातला झाडू असाच काढून घेतला गेला. मग ती कुठं गेली नाही.

सुरुवातीला ती चूल पेटवायची. पुढं पुढं वाटायला लागलं, कुणासाठी? शिजवलेलं तर दारात येतंच. उंबऱ्यावरचा निखारा तिथंच विझू लागला. सकाळी मंजुळा खापर उचलून न्यायची, त्यात राख असायची. निखारा वापरला तरी मागं राखच राहते आणि नाही वापरला तरी राखच. म्हणून कुणाला काही कळलं नाही.

अशा एका दुपारी त्या घरात कुणीतरी बोललं. बोलली ती भिंतीवरची पाल.

"बाई, मी निघाले," पाल म्हणाली.

राहीनं वर पाहिलं. किती तरी दिवसांत तिला उद्देशून आलेला तो पहिला शब्द होता.

"तुझी भिंत गार पडली," पाल म्हणाली. "भिंत गार तर किडा न्हाई, किडा न्हाई तर पोट न्हाई. मी मंजुळेच्या भट्टीपाशी ऱ्हाईन म्हणते."

"तू तरी थांब," राही म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही, वापराविना गंजलेल्या कडीसारखा तो निघाला.

पाल जरा घुटमळली. नाही म्हटलं तरी तिनंही त्या घरात पुष्कळ बोलणी खाल्ली होती. म्हणाली, "मला ऊब लागती, ती तुझ्यापाशी न्हाई. तुला बोलणारं लागतं, ते मला जमत न्हाई. मला निस्तं चुकचुकता येतं." आणि ती कौलांच्या फटीतून निघून गेली.

राही बराच वेळ त्या रिकाम्या भिंतीकडं बघत बसली. मग दारातल्या भाकरीकडं तिचं लक्ष गेलं. तिच्या मनात आलं, पितरांना पान वाढतात ते असंच. अन्न ठेवायचं आणि मागं न बघता परतायचं. ज्याला असं वाढतात तो जिवंत नसतो. गावाच्या लेखी आपण त्याच दिवशी नवऱ्याबरोबर गेलो, फक्त आपल्याला कुणी सांगितलं नाही.

तिनं एक लुगडं आणि नवऱ्याची मधाची सुरी फडक्यात बांधायला घेतली. तो जिथून मध काढायचा त्या कड्यावर जायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. कडा उंच होता, आणि तिथून परत यायचा विचार तिनं केला नव्हता.

दिवस कलला. मंजुळा नेहमीसारखी येऊन खापर ठेवून गेली. राही गाठोड्याला शेवटची गाठ मारत होती, इतक्यात दार धाडकन वाजलं. त्या दारानं असा आवाज फार दिवसांत ऐकला नव्हता.

दारात धोंडाई उभी होती. पाय धुळीनं भरलेले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात खापर.

"राही, विस्तव हाय का?"

राही म्हणाली, "आमचं धनी गेलं, धोंडाई."

"कळलं मला. वाटंतच कळलं," धोंडाई म्हणाली आणि उंबऱ्याच्या आत येऊन पाय पसरून बसली. "त्याचं बोलायचंच हाय आपल्याला. पर आधी विस्तव दे. सकाळपास्नं चालती हाय, पोटात कण न्हाई, आन अंधार पडला की मला दिसत न्हाई."

राही चुलीपाशी गेली. चुलीत कोळ्यानं जाळं विणलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या दारी विस्तव मागायला आलेलं माणूस रिकामं जायची वेळ आली होती, आणि तेही भुकेलेलं. तिला लाज वाटली. लाज वाटली म्हणजे आपण अजून आहोत, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

"चूल पेटली न्हाई," ती म्हणाली.

"कवापास्नं?"

धोंडाईनं चुलीकडं पाहिलं, मग गाठोड्याकडं, मग उंबऱ्यावरच्या खापराकडं. त्यातला निखारा पांढरा होत आला होता, पोटात जरासा लाल होता.

"त्यो काय मेला न्हाई अजून," धोंडाई म्हणाली. "फुंक त्याला. माझ्यात दम न्हाई."

राहीनं जाळं झाडलं, गोवरीचा चुरा पसरला, वर निखारा ठेवला आणि फुंकणी तोंडाला लावली. धूर झाला. डोळ्यांतून पाणी आलं, आणि एकदा आलेलं पाणी थांबेना. पहिलं धुराचं होतं, मागून आलं ते धुराचं नव्हतं. तिनं फुंकणी खाली ठेवली.

धोंडाईनं तिला उगी उगी केलं नाही. "रड, पर फुंकायचं सोडू नगं," एवढंच म्हणाली.

राही रडत होती आणि फुंकत होती. बऱ्याच वेळानं गोवरीनं पेट घेतला आणि भिंतीवर दोघींच्या सावल्या हलल्या.

मग धोंडाईनं विचारलं, "शेवटाला काय म्हनला गं त्यो?"

गावानं राहीला धान्य दिलं होतं, दूध दिलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. राहीनं सगळं सांगितलं. ताप कसा चढत गेला, वैद्य काय म्हणाला, तो कड्यावरच्या पोळ्यांबद्दल कसं बरळत राहिला. शेवटी पाणी मागितलं, प्याला, आणि माठातलं पाणी गोड लागतंय म्हणाला. मग भिंतीकडं तोंड करून झोपला.

धोंडाई ऐकत राहिली. मधे एकदा तिनं आपल्या नवऱ्याबद्दलही सांगितलं. तो जाऊन एवढी वर्षं झाली, तरी अजून तिला त्याच्या खोकल्याचा भास होतो. मग तिनं खापर पुढं केलं, राहीनं त्यात निखारा घातला, आणि म्हातारी काठी टेकत उठली.

उंबऱ्यावर थांबून ती म्हणाली, "गाठोडं कसलं, ते मी इचारत न्हाई. पर उद्या सांजच्याला मी विस्तवाला येणार. माझं घर शेवटचं हाय. तुझ्याकडं नसला तर मला दुसरं दार न्हाई."

ती गेली. राही गाठोड्याकडं बघत बसली. जायचं मन अजून होतं. पण म्हातारीला उपाशी ठेवून कसं जायचं? तिनं गाठोडं कोपऱ्यात सरकवलं आणि चूल विझेपर्यंत शेकत बसली.

सकाळी धोंडाई विहिरीवर गेली आणि तिनं गावाचा चांगला समाचार घेतला. बायका खाली मान घालून ऐकत होत्या. आरडाओरडा ऐकून पाटीलही आला. तो दुखावल्या आवाजात म्हणाला, की गावानं राहीला काय कमी केलं? मूठभर पीठसुद्धा तिला मागावं लागलं नाही.

"त्येच तर सांगती," धोंडाई म्हणाली. "मागू दिलं न्हाई, आन तिच्याकडं कुणी मागितलंबी न्हाई. तिच्याशी बोललं कोण, ते सांगा."

एकजण हळूच म्हणाली, की काय बोलावं तेच सुचत नव्हतं. दुसरी म्हणाली, की आपण बोललो आणि ती रडायला लागली तर, ही भीती वाटायची.

"रडली आसती," धोंडाई म्हणाली. "रडण्यानं काय घर वाहून जातं व्हय?"

मग तिनं आपल्या सासूनं सांगितलेलं सांगितलं. विस्तव मागूनच का न्यायचा? तर दारात जाऊन उभं राहिल्याशिवाय आतल्या बाईचा चेहरा दिसत नाही म्हणून. निखारा काय, हातोहात कुठंही पोचवता आला असता. रीत निखाऱ्यासाठी नव्हतीच, ती रोज एकदा एकमेकींचं तोंड बघण्यासाठी होती. आणि गावानं नेमकी तीच मोडली, तीही नेमकी राहीसाठी.

गाव खजील झालं. पण गाव ते गावच, लगेच दुसऱ्या टोकाला गेलं. दुपारपासून राहीच्या दारात मागणाऱ्यांची रीघ लागली. कुणाला मीठ हवं, कुणाला सुई हवी. बुरूडणीनं तर सूप मागितलं, जिच्या घरी सुपांची चवड छपरापर्यंत गेली होती. राहीनं सगळं दिलं, आणि शेवटी न राहवून म्हणाली, "घरात हाय ते मागाया येऊ नगा. त्यापरीस न आलेलं बरं." बायका हिरमुसून परतल्या. आता हिचं करावं तरी काय, अशी कुजबुज झाली. खरं मागणं आणि खोटं मागणं दुखावलेल्या माणसाला लगेच कळतं, हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

संध्याकाळी उंबऱ्यावर खापर आलं नाही. धोंडाईनं ते बंद करवलं होतं. राहीला आता विस्तव मागायला जावं लागणार होतं, कारण तिच्या खाली एक म्हातारी वाट बघत होती. ती उठली, खापर घेतलं आणि मंजुळेच्या दारात जाऊन उभी राहिली.

"विस्तव हाय का?"

मंजुळा बाहेर आली. "हाय, बस," म्हणायचं असतं, पण ती चिमटा हातात घेऊन दारातच थांबली. राही आपणहून आत जाऊन बसली. बसल्या बसल्या तिची नजर वर गेली. आढ्याला एक पाळणा उलटा टांगलेला होता, वर धूळ साचलेली.

राहीला आठवलं. मागच्या सुगीला मंजुळा बाळंत झाली होती आणि बाळ आलं ते श्वास न घेताच आलं होतं. तेव्हाही गावानं तिला दूध दिलं होतं, तूप दिलं होतं, आणि जे जगलंच नाही त्याचं काय बोलायचं म्हणून कुणी काही बोललं नव्हतं. राहीही नाही. तिनंही तेव्हा तुपाची वाटी दारातच ठेवली होती.

"मी रोज खापर ठिवून पळायचे," मंजुळा म्हणाली. "तुझ्या डोळ्यांत बघितलं आसतं तर माझंच फुटलं आसतं गं."

काल जे राहीला विचारलं गेलं होतं, तेवढंच तिला येत होतं.

"कसं व्हतं गं?" तिनं विचारलं.

मंजुळेनं चिमटा खाली ठेवला. "केस व्हते त्याला," ती म्हणाली. "काळेभोर. वल्ले व्हते अजून." आणि पदर तोंडाशी धरून ती खाली बसली. इतके दिवस त्या केसांबद्दल ऐकणारं तिला कुणी मिळालं नव्हतं.

राही तिच्याजवळ सरकली. मग राहीनं तिला सांगितलं, की मंजुळेच्या हातानं घडलेल्या माठातलं पाणी शेवटाला नवऱ्याला गोड लागलं होतं. मंजुळेनं डोळे पुसले आणि विचारलं, "खरं?" आपल्या हातचं काहीतरी कुणाच्या तरी उपयोगी पडलं, हे त्या वर्षात तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

तेवढ्यात खालून आरोळी आली. धोंडाई आपल्या अंगणातून विचारत होती, की विस्तव येतोय की आपण कच्चं पीठ खायचं. दोघी दचकल्या. मग मंजुळा हसली, आणि तिला हसलेलं बघून राहीही हसली. निवडलेला निखारा खापरात पडला आणि त्या दिवशी तो रीतीप्रमाणे शेवटच्या घरापर्यंत गेला.

त्यानंतर वाऱ्याच्या गावात जेवणं उशिरा होऊ लागली. एका दारातून दुसऱ्या दारात जायला विस्तवाला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. पुरुषमंडळी पोटावर हात फिरवत कुरकुरत, पाटीलही कुरकुरे, पण विहिरीवरचा तो दिवस आठवून कुणी मोठ्यानं बोलत नसे. ज्या घरात दुःख झालं असेल तिथं भाकरी पूर्वीसारखीच जाई, पण नेणारी बाई उंबऱ्यावर न ठेवता आत जाऊन बसे. आणि निघताना तिला जे खरंच हवं असेल ते मागे. कुणी लोणच्याचा अंदाज विचारी, कुणी रडणारं पोर तासभर सांभाळायला देई, कुणी आपलंच रडगाणं घेऊन येई. बुरूडणीनं सूप मात्र पुन्हा कधी मागितलं नाही.

राहीचं एकटेपण गेलं असं मी सांगणार नाही. पुष्कळदा भाकरी थापताना हात चुकून दोघांची थापायचा, मग ती दुसरी भाकरी धोंडाईकडं जायची. वाऱ्यानं दार वाजलं की वाटायचं तो आला, आणि ती रात्र जड जायची. पण दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिला वरच्या दारात मागायला जायचं असायचं आणि खालचं दार तिच्या भरवशावर असायचं. कोपऱ्यातलं गाठोडं एक दिवस तिनं सोडलं. लुगडं नेसली, आणि सुरी आढ्याला खोचून ठेवली.

थंडी पडल्यावर कौलांच्या फटीतून पाल परत आली. भट्टीपाशी फार गरम होतं, असं काहीतरी ती म्हणाली. राहीनं तिला भरपूर नावं ठेवली, अगदी नवरा ठेवायचा तशी, आणि राहू दिलं.

म्हणून लहानथोरांनो, एवढं लक्षात ठेवा: दुःखी माणसाच्या उंबऱ्यावर नुसतं ठेवून परतू नये, आत जाऊन बसावं, त्याचं ऐकावं, आणि निघताना त्याच्याकडेही काहीतरी खरंखुरं मागावं.